अक्षरं मंगलकडे, काने माझ्याकडे

हे लिहायला बसलो तेव्हा आधी माफी मागावीशी वाटली. कुणाची, ते नीट सांगता येणार नाही. आपली हकीकत लिहिणाऱ्या माणसाचे केस पिकलेले असतात, सांगण्यासारखं काही करून झालेलं असतं. माझं यातलं काहीच झालेलं नाही. मी परभणीच्या एका अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकतो. बारावीनंतर चार वर्षं पाथरीत एका भांड्यांच्या दुकानात कामाला होतो, म्हणून वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वयानं थोडा मोठा आहे, एवढंच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. घरी धाकट्या बहिणीखेरीज लिहिलेलं वाचणारं कुणी नाही आणि तिला माझ्या वह्यांत रस नाही, त्यामुळे मी काय लिहितो ते घरच्यांना कळणार नाही. याची मला पूर्वी सोय वाटायची. आता त्याचीच भीती वाटते, कारण जे लिहायचं आहे ते खरं तर त्यांनाच सांगायला हवं होतं.

निमित्त झालं ते एका प्रश्नाचं. पहिलीच्या वर्गात एकट्यानं करायचं काम आणि गटात करायचं काम यांचा मेळ कसा घालाल, यावर सरांनी आम्हाला दोन पानं लिहून आणायला सांगितली. सगळ्यांनी आणली. कुणी तक्ता आखला, कुणी मिनिटांचे हिशेब मांडले. मी पहिल्या ओळीत ‘मेळ’ हा शब्द लिहिला आणि अडकलो. सर म्हणाले, ‘नामदेव, तू तर आत्ताच शाळेत महिनाभर शिकवून आलास, तुला काय अडचण?’ अडचण मला सांगता आली नाही. ती खाली सांगतो.

आमचं घर पाथरीकडच्या एका लहान गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांचं. एका खोलीत आम्ही, दुसरीत माझे चुलते नाना, काकू आणि त्यांची मंगल. मंगल आणि मी एकाच वयाचे, ती माझ्याहून दीड महिन्यानं मोठी. चूल मात्र एकच. सकाळी जाग यायची ती आई आणि काकू समोरासमोर बसून भाकरी थापायच्या त्या आवाजानं; एकीचा हात थांबला की दुसरीचा पडायचा. कोरड्यास कधी अंबाडीची भाजी, कधी येसराची आमटी. आजी दाराशी बसून लसूण सोलायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडला होता, पण बोटांना सगळं दिसायचं. दिवाळी झाली की दादा म्हणजे माझे वडील, आई, नाना आणि काकू ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडवा उलटून गेल्यावर परत यायचे. तोडीचं काम नवराबायकोच्या जोडीनं होतं. एकानं तोडायचं, दुसरीनं मोळी बांधायची. आमच्या घरात एकट्यानं करायचं असं कामच नव्हतं. होतं ते एकच, आणि ते लेकरांच्या वाट्याचं होतं: फडावरच्या कोपीत बसून त्याहून लहान लेकरू राखायचं.

ते काम मी एक वर्ष केलं होतं. मी पाच वर्षांचा होतो. काकू त्या साली बाळंतपणासाठी गावातच राहिली, म्हणून मंगलही गावात राहिली आणि अंगणवाडीत जात राहिली. आमची सोनी तेव्हा वर्षाची होती. तिच्यासाठी मला नेलं. कोपी म्हणजे उसाच्या वाढ्यांची, शेंड्यांच्या पाल्याची झोपडी, वाकून आत जायची. आई-दादा फडात गेले की दुपारपर्यंत तिथे मी आणि सोनी. एकदा सकाळी ती रडायला लागली ती थांबेचना. मी तिला भाकरी चावून भरवली, खुळखुळा वाजवला, मांडीवर घेऊन हललो. मग ती एकदम गप्प झाली. आधी बरं वाटलं. मग वाटलं, ही मेली. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊन श्वास लागला. बोट काढलं की परत वाटायचं, आता मेली असेल. म्हणून परत धरलं. वाढ्यांच्या फटीतून आत आलेलं ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं तरी मी तसाच बसलेला. लघवीला जायचं होतं, पण बोट काढायची हिंमत झाली नाही, तिथेच झाली. दुपारी आई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन आली आणि म्हणाली, ‘किती गुनाचं हाय माजं लेकरू. जागचं हाललं न्हाई.’ त्यानंतर पाडव्यापर्यंत रोज तेच. सोनी शाळेत उशिरा बसली, आता बारावीला आहे, माझ्याशी भांडते, आणि तरीही ती झोपलेली असली की माझं लक्ष आधी तिच्या पोटाकडे जातं, ते हलतंय का बघायला.

पुढच्या जूनमध्ये मंगल आणि मी एकदमच पहिलीत बसलो. आमच्या बाईंचं नाव सरोदे बाई. त्या पाथरीहून एसटीनं यायच्या, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चिंचोक्यांची पिशवी. त्यांनी आम्हाला ओळीत बसवलं नाही. बसकरपट्ट्या गोल टाकून चौघाचौघांचे गट केले. कुणी चिंचोके मोजायचे, कुणी मांडायचे, कुणी सांगायचं. लिहायला दोघांत एक पाटी. मंगल आणि मी एका पाटीवर. मंगलचं अंगणवाडीत वर्ष गेलेलं, तिचा हात वळलेला. अक्षर असं काढायची की बाई दुसऱ्या गटांना दाखवायच्या. माझा हात वळतच नव्हता. क काढायला गेलो की त्याचं वांगं व्हायचं. पण कान माझा बरा होता. बाई ‘पा’ म्हणाल्या की त्यात काना आहे हे मला आधी कळायचं, आणि काना म्हणजे नुसती उभी काडी, ती कुणालाही काढता येते. म्हणून आमचं न ठरवता ठरून गेलं. मंगलनं अक्षरं काढायची, मी काने, मात्रा, वेलांट्या, उकार द्यायचे. ती तोडायची, मी मोळी बांधायचो. आमची पाटी सगळ्यांच्या आधी भरायची. बाई म्हणायच्या, ‘ह्या जोडीचं बघा रे.’ त्या शब्दानं मला किती धीर यायचा ते काय सांगू. शाळेत मला कुठेही एकटं बसावं लागत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला असताना बाईंनी नवी रीत काढली. खिचडीच्या आधी गटात, खिचडीनंतर आपापलं. त्यांनी कपाटातून जुन्या पाट्या काढून प्रत्येकाला एकेक दिली, आम्हाला लांब लांब बसवलं आणि सांगितलं, ‘मी पाच शब्द सांगते. कुणी कुणाचं बघायचं नाही. आपापलं लिहायचं.’ मंगल खिडकीखाली, मी दाराशी. बाईंनी शब्द सांगितले आणि मी इमानदारीनं माझं काम केलं. जिथे काना तिथे काना दिला, जिथे वेलांटी तिथे वेलांटी, आणि मधे अक्षरांना जागा सोडली. पाटी झाली तसं मला समाधान वाटलं, एकही चूक नव्हती. बाई आल्या, पाटी उचलली, उलटी धरून पाहिली.

‘नामदेव, अक्षरं कुठं गेली?’

‘बाई, ती मंगलकडं हायत.’

बाई खिडकीपाशी गेल्या. तिथे पाटीवर दहा-बारा अक्षरं स्वच्छ ओळीनं बसलेली, एकाच्याही अंगावर काही नाही.

‘आणि तुझे काने गं?’

‘नाम्याकडं हायत, बाई.’

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मग दोन्ही पाट्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. म्हणाल्या, ‘चूक माझीच आहे. उद्यापासून रोज खिचडीनंतर तुम्ही दोघं असेच वेगळे.’ रागावल्या नाहीत. पण ‘वेगळे’ म्हटल्यावर मला कोपी आठवली.

ही गोष्ट मंगलनं घरी जेवताना हसत हसत सांगितली. सांगायला नको होती, पण तिला काय माहीत. दादांचा हात ताटात थांबला. औंदा काकूचा बाळ्याही येणार होता, म्हणजे कोपीत दोन लेकरं. सोनीला नुकते पाय फुटलेले. राखायला एकजण लागणारच होता.

‘मंजे दोघंबी अर्धंच शिकायलेत म्हना की,’ दादा म्हणाले.

‘एकाला तर न्यावंच लागतंय, भाऊ,’ नाना म्हणाले. ‘मायला दोघं जड व्हतील.’

‘मला दिसत न्हाई, ऐकू येतंय,’ आजी म्हणाली. ‘ऱ्हाऊ द्या की दोघंबी.’

‘माय, तू भाकर परतताना चुलीत हात घालतीस. दोघांकडं कोन बगनार?’ नाना म्हणाले.

काकू म्हणाली, ‘मंगीचा शाळंत लय जीव हाय.’ मग माझी आई, भाकरी वाढता वाढता, सहज बोलावं तसं म्हणाली, ‘नाम्या लेकरू चांगलं राकतो. मागल्या साली जागचा हालला न्हवता.’

मला कुणी विचारलं नाही आणि सांगताही आलं नसतं. दादांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. म्हणाले, ‘असं करू. जे एकटं शिकायलंय ते ऱ्हाईल. जे दुसऱ्याच्या जिवावर चाललंय त्याला ठिवून तरी काय फायदा?’

‘लेकरं हायत का बैलं रे ती?’ आजी म्हणाली. ‘जोडीतला एक निवडायला निगालाव.’

दादा वाईट माणूस नव्हते, नाहीत. त्यांनी त्यांच्या परीनं न्याय शोधला होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले, चपला दाराबाहेर काढून उभे राहिले आणि बाईंना विचारलं, ‘बाई, दोघांतलं कोनतं एकटं शिकतंय तेवढं सांगा.’ बाईंना आधी कळलं नाही. कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘दादा, हे मी सांगणार नाही. दोघं शिकतात. दोघांना ठेवा. आपापलं करायला लावलं ते काय येत नाही हे मला कळावं म्हणून, कुणाला घालवायला नाही.’ दादांनी मान हलवली, बरं म्हणाले आणि घरी येऊन सांगितलं, ‘बाई काय सांगनात. सुट्टीत आपुनच बगू.’ दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या गावाला गेल्या.

बघणार कोण, तर गिरणीवाले चाचा. गावात सरळ वाचता येणारी माणसं थोडी होती आणि चाचा सातवीपर्यंत शिकलेले. दादांनी ठरवलं, भाऊबीज झाली की बाईंनी सुट्टीसाठी घरी दिलेल्या पाट्या घेऊन गिरणीवर जायचं. मधे पाच-सहा दिवस होते. मंगल मला म्हणाली, ‘चल, तुला अक्षरं शिकवते. मंग तू बी ऱ्हाशील, मी बी ऱ्हाईन.’ तिचा हिशेब सरळ होता: दोघांनाही सगळं आलं तर दोघांनाही ठेवावं लागेल. परसात भांडी घासायच्या राखेचा ढीग असायचा. ती राख पत्र्यावर पसरायची, माझं बोट धरायची आणि फिरवायची. ‘ळ मंजे दोन गठुडे बांदल्यावानी, बग. भ लिहिताना घाई करू नगं.’ मी चुकलो की राख सारखी करायची आणि परत बोट धरायची. चार दिवसांत माझी अक्षरं उभी राहिली. वाकडी होती, पण ओळखू यायची. कुणी एवढ्या मायेनं मला काही शिकवल्याचं मला त्याआधी आणि त्यानंतर आठवत नाही.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘आता तू मला काने-वेलांट्याचं सांग.’

मला सगळं माहीत होतं. कोणता आवाज झाला की काडी बाजूला जाते, कोणता झाला की वर, कोणता झाला की खाली. सांगायला अर्धा तास पुरला असता. मी राखेकडे बघत होतो. दोघांनाही आलं तर दोघं राहतील, हे मला खरं वाटत नव्हतं. एकजण जाणारच हे मी मोठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि दोघांना सारखंच आलं, तर ‘जागचा न हालणारा’ मीच होतो.

‘सोपं हाय,’ मी म्हणालो. ‘जागा बगून द्यायचं. वर जागा असली तर वर द्यायचं, खाली असली तर खाली, न्हाईतर बाजूला.’

‘कुन्याबी अक्षराला?’

‘व्हय.’

‘मंग बाई येगयेगळे नावं कशाला सांगतेत?’

‘जागा येगयेगळी असती म्हनून.’

ती हसली. ‘लय सोपं हाय की. मी उगं भेत व्हते,’ म्हणाली आणि हात झाडून उठली.

सहा वर्षांच्या पोराला खोटं म्हणजे काय ते कळत नाही, असं आमच्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकात आहे. परीक्षेत मी ते तसंच लिहिलं आणि मला गुण मिळाले. पण मला कळत होतं.

गिरणीचा आवाज आमच्या गावाला घड्याळासारखा होता. दुपारी चारला सुरू व्हायचा, दिवे लागायच्या सुमारास थांबायचा. त्या दिवशी दादा, नाना, मंगल आणि मी गेलो तेव्हा गरम पिठाचा वास दारापर्यंत आला होता आणि तीन-चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या. चाचांच्या भुवयांवर पीठ. दादांनी कानाशी जाऊन त्यांना सांगितलं. ‘अरे बाबा, लेकरांचं इम्तिहान माझ्याकडून कशाला घेतो?’ चाचा म्हणाले, पण दादांनी हात जोडले तसा त्यांनी पट्टा उतरवला. गिरणी एकदम बंद पडली. तेवढी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती. दादांनी पाच शब्द सांगितले, घरातलेच: पाणी, माती, भाकरी, गिरणी, नाना. मंगल पोत्यावर पाटी ठेवून भराभर लिहायला लागली. राखेत ती जसं बोट फिरवायची तसं मी मनात फिरवायचो, मग पेन्सिल.

चाचांनी माझी पाटी आधी घेतली. ‘पाणी. माती. भाकरी, भ जरा लंगडा हाय, पण चालतंय. गिरणी. नाना.’ नाना हसले. मग त्यांनी मंगलची घेतली. ‘वा, अक्षर बघा पोरीचं. छापल्यावानी.’ आणि वाचायला लागले. ‘पुणे.’ थांबले. ‘मेतु.’ परत थांबले, चष्मा पुसला. पुढचे दोन शब्द त्यांनी नुसते ओठांत वाचले. शेवटचा मोठ्यानं वाचला, ‘नुनी.’

डबेवाल्या बायका हसल्या. एक म्हणाली, ‘नानाची नुनी केली की लेकीनं.’ नाना हसले नाहीत.

‘असंच असतंय,’ मंगल म्हणाली. ‘जागा बगून द्यायचं असतंय. नाम्यानंच सांगितलंय.’

सगळे माझ्याकडे वळले. चाचासुद्धा.

‘मी न्हाई सांगितलं,’ मी म्हणालो.

‘सोताला येत न्हाई तर त्याचं नाव कशाला घेतीस?’ नाना म्हणाले. मंगलनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल, तसं बघितलं. मग पाटीकडे बघितलं. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांचं पीठ तिच्या केसांना लागलं. ‘हुशार लेकरू हाय हे. जरा कुणीतरी सांगितलं पाहिजे नुसतं,’ असं म्हणून त्यांनी पट्टा चढवला आणि परत कुणाचं काही ऐकू येईनासं झालं.

आठवड्यानं टोळीचा ट्रॅक्टर आला. भांडी, अंथरुणं, कोयते, आणि त्या सगळ्यावर बसलेली मंगल, मांडीवर बाळ्या, शेजारी सोनी. आईनं सोनीचा हात तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘नीट शीक.’ काकू पदर तोंडाला लावून बसली होती. मी आजीच्या मागे उभा होतो.

त्या हिवाळ्यात आजी आणि मी. मी तिच्यासाठी चुलीत काड्या सारायचो, ती चाचपून भाकर परतायची. एकदा दुपारी लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, ‘मंगीला खरंच येत न्हवतं का रं?’

‘न्हवतं.’

‘तुला तर तीच शिकवायली व्हती परसात. मी ऐकलं की.’

आता ती पुढचं विचारेल, आणि मग पाडव्याला दादांना सांगेल, असं वाटून मी थांबलो. तिनं पुढचं विचारलं नाही. नंतरही कधी नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली, तिनं ते कुणाला सांगितलं नाही एवढं मला माहीत आहे. सगळं ऐकलं होतं की अर्धंच, ते माहीत नाही.

सुट्टीनंतर बाई आल्या, मंगलची जागा रिकामी बघितली, मला विचारलं. मी सांगितलं, उसाला गेली. कसं ठरलं तेही सांगितलं, माझा भाग सोडून. बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, ‘पाट्या तुम्हाला घरी नेऊ द्यायला नको होत्या.’ पाट्यांचा काय दोष, असं मला तेव्हा वाटलं. मंगल पाडव्यानंतर परत आली, महिनाभर वर्गात बसली, काने-मात्रा आठ दिवसांत शिकली. पण घरात आता ठरून गेलं होतं की मंगी लेकरं चांगली राखते आणि नाम्या शिकतो. पुढच्या साली कुणी पाट्या बघितल्या नाहीत. त्याच्या पुढच्या सालीही नाही. आठवीपर्यंत ती शाळेत येऊनजाऊन होती. मग देवगाव फाट्याकडे तिचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिची जोडी झाली. लग्नात मी वाढायला होतो. ती म्हणाली, ‘नाम्या, तू बी जेव की.’ मी मान खाली घालून पुढच्या पंगतीकडे गेलो.

गेल्या महिन्यात बोरीजवळच्या एका शाळेत मी पहिलीला शिकवलं. माझ्या पाठाच्या टाचणात दोन रकाने होते, वैयक्तिक आणि गट. गटात पोरं चिवचिवत होती. मग ‘आता आपापलं करा’ असं म्हणायची वेळ आली आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. तीस लेकरं माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणालो. वर्ग शांत झाला आणि दाराशी बसलेल्या एका पोरीनं आपल्या मैत्रिणीकडे बघितलं, ती लांब बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तेवढंच केलं. मला अजून नीट कळलेलं नाही, पण जे थोडं कळलं ते सरांना लिहून दिलं ते असं: जोडीत प्रत्येकाला काय येत नाही ते झाकलं जातं, आणि एकट्यात ते उघडं पडतं, उघडं पडल्यावर लगेच परत जोडीत बसवावं, म्हणजे ज्याला येतं तो दुसऱ्याला सांगेल. आणि सांगतो आहे ना, हे शिक्षकानं कान देऊन ऐकावं. एकट्याच्या कामाची पाटी एकटी घरी जाऊ देऊ नये. सरांनी खाली लिहिलं, ‘मुद्दा चांगला आहे, उदाहरण द्यावे.’ मी उदाहरण दिलं नाही.

मंगलला सांगावं असं दर दिवाळीला वाटतं. फोन नंबर आहे. ती ओळखीचं हसेल, ‘काय नाम्या’ म्हणेल आणि मग मी सांगितल्यावर काय होईल, इथे येऊन मी थांबतो. आता तिला दोन लेकरं आहेत, एक पाच वर्षांची मुलगी आणि एक चारचा मुलगा. मागच्या दोन्ही हंगामांत मुलगी सासूकडे ठेवून ती मुलाला घेऊन गेली होती, हे मला आईकडून कळलं होतं. औंदा तिकडे तिसऱ्या कुणाचं तरी लेकरू राखायचं आहे असंही कळलं होतं, आणि दिवाळी झाल्यापासून मला रोज वाटत होतं, आता मुलीलाही नेतील.

परवा रविवारी सकाळी आईचा फोन आला. आई-दादा आता गावातच असतात, दादांचे गुडघे गेलेत. आई नेहमीसारखं सगळं सांगत होती. सोनी अभ्यास करत नाही, तूर बरी आहे, चाचांची गिरणी आता त्यांचा नातू चालवतो, काल गावातून दोन ट्रॅक्टर गेले. मी मधेच विचारलं, ‘मंगल गेली का?’

‘तिचा नवरा गेला. ती न्हाई गेली.’

‘का? बरं न्हाई का तिला?’

‘तिला काय झालंय? लेकरं अंगनवाडीत जायलेत म्हनून थांबली. रोजानं कापूस येचायला जाती. सासू म्हनली म्हनं, एक ठिव अन् एक ने, सालाबादावानी. तर न्हाई म्हनली.’

‘मग कोणतं ठेवलं?’

‘कोनतं काय?’ आई म्हणाली. ‘दोन्ही.’